झाडं तेवढी राहिलीत

बेसिन जेवणघराएवढं झालं होतं आणि मी ऑफिसात एकटी बसून त्याला हसत होते.

खरं तर हसण्यासारखं काही नव्हतं. जबलपूरबाहेर पाटनच्या रस्त्यावर मुलींचं वसतिगृह व्हायचं होतं, आणि त्याचे नकाशे आमचं ऑफिस आणि नागपूरची एक फर्म मिळून काढत होती. मी नकाशातल्या न्हाणीघरात बेसिन ठेवायला गेले, तर त्याने दोन भिंती गिळल्या आणि थेट जेवणाच्या टेबलांवर जाऊन बसलं. बाहेर मावठ्याची भुरभुर, विजेचं काही खरं नाही, आणि समोर हे अगडबंब बेसिन... हसू नाही तर काय करू?

“तुमच्याकडं बेसिन आलंय होय?” मागून आवाज आला. “आमच्याकडं पलंग आला. अख्खं ऑफिस आडवं झालं तरी एका कडेला जागा उरेल.”

मी वळून पाहिलं. दारात एक उंच मुलगा उभा होता. पाठीवर लॅपटॉपची बॅग, केसांवर पावसाचे थेंब, आणि बूट काढावेत की नाही या विचारात अडकलेले पाय. नागपूरच्या श्रीपाद सरांनी हा घोळ निस्तरायला माणूस पाठवतो म्हणून सांगितलं होतं. तो हा — अनुपम. मूळचा साताऱ्याचा, नोकरीला नागपुरात.

“बूट राहू द्या,” मी म्हणाले. “पण हसून राहिले होते हे भय्यासाहेबांना सांगू नका.”

“काय द्याल?”

“चहा. आणि लई शहाणपणा केला तर तोही नाही.”

तो हसला, आणि बूट काढूनच आत आला.

घोळ असा होता. दार, खुर्ची, नळ अशी चित्रं एकदाच काढून ठेवायची आणि हवी तिथं उचलून मांडायची, त्यांना कॅडमध्ये, म्हणजे नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, ब्लॉक म्हणतात. ऑफिसच्या मालकांनी, आमच्या भय्यासाहेबांनी, सगळे जुने ब्लॉक स्वतःच्या हाताने इंचात काढलेले. पुढं ऑफिसात आम्ही नवी मंडळी आलो आणि मिलिमीटरमध्ये काढू लागलो. आता प्रत्येक ब्लॉकच्या पोटात एक सेटिंग असतं, आपण कुठल्या मापात आहोत ते सांगणारं. ते मात्र कुणीच बदललं नाही. जिथंतिथं इंच. त्यामुळं पाचशे मिलिमीटरचं बिचारं बेसिन स्वतःला पाचशे इंचांचं समजून पसरत होतं. असे ब्लॉक आमच्याकडं हजारोंनी होते, आणि एकेक उघडून दुरुस्त करायचा म्हणजे होळी येऊन गेली असती.

अनुपमने एकेक उघडला नाही. आधी तो भय्यासाहेबांच्या समोर जाऊन बसला आणि त्यांच्या ब्लॉकना हात लावू का, म्हणून विचारलं. भय्यासाहेबांना आजवर असं कुणी विचारलं नव्हतं. ते चष्म्यावरून त्याच्याकडं पाहत राहिले आणि मग त्यांनी चक्क खोव्याची जिलेबी मागवली. मी तिथं पाच वर्षं आहे, मला कधी साधी जिलेबी मिळाली नाही.

मग त्याने सगळ्याची एक नक्कल बाजूला ठेवली आणि एक छोटासा प्रोग्रॅम लिहायला घेतला. कल्पना इतकी सोपी होती की मला स्वतःचा राग आला. प्रोग्रॅमने एकामागून एक ब्लॉक उघडायचा आणि त्याची रुंदी बघायची. दार छत्तीस भरलं तर ते इंचातलं, नऊशे भरलं तर मिलिमीटरमधलं. त्याप्रमाणे सेटिंग बदलायचं, बंद करायचं, पुढचा. माणसाला ज्यातून आतबाहेर करायचं आहे ते दार नऊशे इंचांचं असूच शकत नाही, हे मशीनला शिकवायचं, बस्स.

तो काम करायचा तेव्हा मी बघत बसायची. आता सांगायला काय हरकत आहे? त्याची बोटं घाई करत नसत. अडला की डोळे मिटून घ्यायचा, जणू ते दार मनातल्या मनात उघडून बघतोय. आणि उघडले की पहिली नजर माझ्याकडं... मग लगेच पडद्याकडं. मीही तेवढ्यात पेन शोधायला लागायची. शेजारच्या टेबलावरची शर्मिला म्हणाली सुद्धा, की दुर्वा, तुझं पेन तुझ्या हातात आहे.

पहिल्या खेपेला त्याची फजिती झाली. नळ. पंचाहत्तर मिलिमीटरचा नळ, आकडा लहान म्हणून, प्रोग्रॅमला इंचातला वाटला, आणि वसतिगृहाच्या मोरीत माणसापेक्षा उंच नळांची रांग उभी राहिली. अजून कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. अनुपम उठला, भय्यासाहेबांकडं गेला आणि म्हणाला, “नळांचं चुकलं. मी सगळ्यांना एकच नियम लावला. चूक माझी आहे, आज दुरुस्त करतो.” ना विजेला दोष, ना आमच्या जुन्या फायलींना. परत येऊन त्याने नक्कल पुन्हा घेतली आणि दारांना वेगळा नियम, नळांना वेगळा, खुर्च्यांना वेगळा असं नीट बांधून काढलं.

माझा जीव त्या दिवशी जडला. देखणा तो होताच, पण देखणी मुलं जबलपुरात काही कमी नाहीत. आपली चूक अशी सरळ, मान ताठ ठेवून सांगणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला होता.

मंगळवारी दुपारी त्याने बटण दाबलं. चहा येऊन संपेपर्यंत हजारो ब्लॉक सरळ झाले. बेसिन गुमान न्हाणीघरात बसलं. भय्यासाहेबांनी आपला हात त्याच्या पाठीवर ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

मी मात्र मनात पुढचा हिशोब मांडला. काम संपलं म्हणजे हा नागपूरला, आणि तिथून सुरतेला. तिकडच्या साइटवर त्याला दोन वर्षांसाठी पाठवायचं चाललं होतं, हे त्यानेच सांगितलं होतं.

“झाडं तेवढी राहिलीत,” अनुपम खाली बघत म्हणाला. “दाराची रुंदी ठरलेली असते. झाडांचं काय... कितीही पसरतात. ती एकेक बघावी लागतील.”

“हो ना,” मी म्हणाले. “झाडांचा काय भरवसा.”

आता गंमत ऐका. झाडांनाही तोच नियम लागत होता. आमच्या नकाशातलं झाड एकतर दोनतीनशे भरायचं, नाहीतर पाचसहा हजार. पाच हजार इंच म्हणजे चारशे फुटांहून जास्त पसारा. एवढा आंबा पाटनलाच काय, अख्ख्या जगात शोधून मिळायचा नाही. हे मला त्याच क्षणी कळलं होतं. नळांचा नियम बांधणाऱ्या माणसाला कळलं नसेल?

पण मी गप्प बसले, आणि आम्ही झाडं बघू लागलो. एकेक. आंबा उघडायचा, त्यावर गप्पा, बंद करायचा. चिंच उघडायची, चहा, बंद करायची. तो मला साताऱ्याच्या घाटातल्या धुक्याबद्दल सांगायचा, मी त्याला कांचघरच्या आमच्या गल्लीबद्दल. ‘का’ म्हणायच्या जागी येणाऱ्या माझ्या ‘काहून’वर तो हसायचा, मी त्याच्या ‘होय की’वर. मोहाच्या झाडापाशी तर आम्ही अख्खी दुपार काढली. फक्त मनातलं काही तो बोलत नव्हता, आणि मीही नाही.

शुक्रवारी श्रीपाद सरांचा फोन आला. अनुपम भय्यासाहेबांबरोबर साइटवर गेला होता, म्हणून मी घेतला. सर वैतागले होते. झाडांवर इतके दिवस कसे लागतात, विचारत होते. अनुपम हुशार वाटला होता, पण हळू दिसतोय. सुरतेला दुसरा कुणी पाठवावा म्हणतो, असं म्हणाले.

क्षणभर वाटलं, पाठवा दुसऱ्याला. माझं काय बिघडतंय? उलट...

पण हळू? त्याला? डोळ्यांसमोर मान ताठ ठेवून चूक सांगणारा तो उभा राहिला, आणि माझ्याच्याने राहवलं नाही.

“सर, त्यांचं काम एका दुपारी झालं,” मी म्हणाले. “इतकं सफाईचं काम आमच्या ऑफिसने पाहिलं नव्हतं. झाडं माझ्याकडं होती. उशीर माझा. आज संपवते.”

“मग सुरतेला तोच जाईल,” म्हणत सरांनी फोन ठेवला आणि मी झाडांचा सगळा फोल्डर त्याच्या प्रोग्रॅमला देऊन टाकला. आंबा, चिंच, मोह... बघता बघता सरळ झाले. मान वर केली तर अनुपम दारात उभा. किती वेळ उभा होता कोण जाणे.

“तुम्हाला माहीत होतं,” तो म्हणाला.

“मंगळवारपासून.”

“मग आज काहून?” माझाच शब्द त्याने इतक्या हळू वापरला की हसू आलं नाही.

“सर तुम्हाला हळू म्हणाले.” मी त्याच्याकडं न बघता फायली बंद करू लागले. “तुम्ही सुरतेला जा, नाही तर कुठंही जा... पण तुम्हाला कोणी हळू म्हटलेलं मला चालत नाही. बस. निघा आता, काम संपलं तुमचं.”

त्याने लॅपटॉप मिटला. बॅग भरली, भय्यासाहेबांच्या पाया पडला. माझ्या टेबलाशी थबकला. गेला. मी शर्मिलाला सांगितलं की डोळ्यांत धूळ गेली आहे, आणि मावठ्याने भिजलेल्या हवेत कुठली धूळ, हे तिने विचारलं नाही.

शनिवार कसा गेला, मला आठवत नाही.

रविवारी सकाळी घरची बेल वाजली. आईने दार उघडलं, आणि मला आतल्या खोलीत तो आवाज ऐकू आला. हातातली वेणी अर्धी तशीच राहिली.

“अच्छा, तुम्ही ते नागपूरचे,” आई म्हणत होती. “ऑफिसचं काही काम राहिलं का? दुर्वा म्हणे, सगळं संपलं.”

“काम काही नाही, काकू,” अनुपम म्हणाला. जरा थांबला. आणि मग नळांची चूक सांगितली होती ना, अगदी त्याच सरळ आवाजात — “मी दुर्वाला भेटायला आलोय. सुरतेला जायच्या आधी तिला विचारायचंय, माझी वाट बघेल का.”

आई दारातून बाजूला झाली. मी अर्ध्या वेणीनिशी बाहेर धावले.

“बघेल,” मी म्हणाले.