शांतीच्या गाण्यात ढोल नसतो

डोक्यावरून ती टकटक ऐकू आली नसती, तर राजश्रीने मान वर केलीच नसती.

आखाती शहराच्या बिन महमूद भागातल्या त्या सभागृहाचा एसी नेमका शुक्रवारी बंद पडला होता. हौशी गायकवृंदातले वीस जण घामाघूम होऊन युरोपातलं पाचशे वर्षांपूर्वीचं युद्धगीत गात होते. तुताऱ्या गळ्यातूनच, घोड्यांच्या टापाही गळ्यातूनच... आणि वर शिडीवर उभा असलेला एसी मेकॅनिक पान्याने छताच्या पत्र्यावर अचूक ठेका धरत होता.

नफिसाने, वृंदाच्या संचालिकेने, हात थांबवला. त्यांचा ढोलवाला नोकरी सोडून मायदेशी गेला होता आणि कार्यक्रम महिन्यावर आला होता.

"वाजवायला येतं?" तिने हिंदीत विचारलं.

"गावच्या पथकात ताशा वाजवायचो," तो म्हणाला. राजश्रीकडे बघून, आणि मराठीत.

ती चकित झाली. "मी मराठी, हे कसं कळलं?"

"मघाशी फोनवर आईला म्हणालात की... 'जेवले गं.'"

राजश्रीला हसू आवरेना.

तो शिवराज, साताऱ्याकडचा. त्यानंतर दर शुक्रवारी तो धुतलेला शर्ट घालून यायचा. युद्धगीतात त्याच्या काठ्या ढोलावर नाचायच्या. मग शांतीचं गाणं सुरू व्हायचं. लढाई संपल्यावरची ती संथ प्रार्थना, पाण्यावर पाणी सरकावं तशी. त्यात ढोल नव्हता. तरी शिवराज काठ्या मांडीवर ठेवून, डोळे मिटून बसून राहायचा.

"त्या गाण्यात तुमचं काम नाही," एकदा तिने छेडलं. "मग झोपता का तिथे?"

"युद्धात ठेका सांभाळावा लागतो. तुमचा आवाज ऐकायचा राहून जातो..." तो थांबला. "तेवढा इथं ऐकतो."

त्या दिवशी ती शब्द दोनदा चुकली.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी खिडकीबाहेर समुद्र गुलाबी धुक्यात विरघळत होता. युद्धगीत झालं, टाळ्या पडल्या, आणि त्या आवाजात तो तिच्यामागून हळूच म्हणाला, "रविवारपास्नं माझी बदली दुखानला. आता शुक्रवारचं खलास."

तेवढ्यात नफिसाचा हात उचलला गेला. राजश्री गायली — इतकं हळुवार ती कधीच गायली नव्हती. शेवटचा स्वर विरल्यावर तिने वळून पाहिलं. ढोलामागची खुर्ची रिकामी होती.

तो बस स्टॉपवर सापडला.

"न सांगता निघालात?"

"मॅडम, तुम्ही इंजिनियर. मी पत्र्यावर चढणारा माणूस. जास्त बसलो असतो तर... बोलून गेलो असतो काहीतरी."

"मग बोला की."

तो चपलेने वाळू सारत राहिला. "मला तुम्ही आवडता," शेवटी म्हणाला. "लई आवडता."

राजश्रीला क्षणभर रस्त्याचे दिवे धूसर दिसले. "दुखान ऐंशी किलोमीटर आहे," ती म्हणाली. "माझ्याकडे गाडी आहे. शुक्रवारी सकाळी येईन. आणि ते मॅडम बंद."

"मग काय म्हणू?"

"राजश्री. म्हणून बघ."

त्याने नाव घेतलं, अगदी जपून. तेवढ्यात बस येऊन थांबली, दार उघडलं. "यल्ला, चला," ड्रायव्हर म्हणाला. शिवराजने मानेनेच नको सांगितलं.

बस निघून गेली. पुढची अर्ध्या तासाने होती, आणि ती लवकर यावी असं दोघांपैकी कुणालाच वाटत नव्हतं.