लाल शेरे

आमच्या लेखनवर्गात सहा जण येतात. सहाही जणांना पहिला वाचक मीच मिळतो. हे दुर्दैव त्यांचं की माझं, ते अजून ठरायचं आहे. त्या रविवारी मी आव्हान दिलं: लक्षात राहील असा एकच प्रसंग लिहा, अर्ध्या पानात, एका घरातला.

"सर, भुताचं चालेल का?" दातांच्या डॉक्टरनं विचारलं.

"भूत चालेल. विशेषणं नकोत."

आमच्याकडे कागदावर नाव लिहायचं नसतं, नुसता चिठ्ठीत निघालेला आकडा. म्हणजे मला कोणाची कीव करायला वाव राहत नाही. मी घरी आकड्यांच्या क्रमानं वाचतो आणि समासात लाल पेनानं शेरे मारतो. शेरा लिहिल्याशिवाय कागद खाली ठेवायचा नाही, ही वीस वर्षांची सवय.

सोमवारी दुपारी वाचायला बसलो. आतल्या खोलीत बायको पडली होती. डोळ्यांचं ऑपरेशन होऊन चौथा दिवस, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. वाकायचं नाही, एकटीनं उठायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. त्यामुळे मी घराबाहेर पडत नव्हतो आणि ती मला घरात सहन करत होती.

कागद सात निघाले. एखादा उत्साही माणूस प्रत्येक वर्गात असतोच.

पहिल्यात एक जिना होता. तळाशी गळका नळ, कठड्याचा तिसरा गज वाकलेला. मी लिहिलं, "छान. पण जिन्यात किती वेळ? वर या."

दुसऱ्यात दार होतं, दाराशी निळ्या चपला, त्यातली एक उलटी. "दारात ताटकळू नका. आत या."

तिसऱ्यात पॅसेज. भिंतीवर तिरकं कॅलेंडर, पान मागच्याच महिन्याचं.

मी मान वर केली. आमचं कॅलेंडर तिरकं होतं, पान मागच्या महिन्याचं. नळ आमचा. गजही आमचाच. निळ्या चपला बायकोच्या. वर्गानं कट करून माझी थट्टा मांडली असणार. पण त्यांच्यातलं कोणीही कधी माझ्या घरी आलेलं नव्हतं. तेवढी काळजी मी घेतो. तरी मीही काही कच्च्या गुरूचा चेला नाही. लिहिलं, "माणूस कुठे आहे? पुढे चला."

चौथा: "टेबलाशी एक माणूस पाठमोरा बसला आहे. टक्कल. बनियनला उजव्या खांद्यावर भोक."

मी खांदा चाचपला. बोट भोकात गेलं.

मागे वळून पाहिलं. पॅसेज रिकामा होता. स्वतःवरच हसलो आणि लिहिलं, "हा इसम कंटाळवाणा आहे. याच्यापाशी थांबू नका."

पाचवा: "थांबलो नाही. आतल्या खोलीत बाई निजली आहे. डोळ्यांवर पट्ट्या. श्वास ऐकू येतो."

ऑपरेशनबद्दल मी वर्गात चकार शब्द काढला नव्हता. हे मनात येईपर्यंत हातानं नेहमीचा शेरा लिहून टाकला होता. "दिसलं, ऐकू आलं. स्पर्श कुठे आहे?"

"अगं, झोपलीस का?" मी हाक मारली.

"झोपू कशी? तुमची सारखी ये-जा. आता आलाच आहात तर बसा गप्प."

मी तासभर खुर्चीतून हललो नव्हतो.

सहावा कागद उलटला. एकच ओळ. "तिचा हात उबदार आहे."

"अगंबाई, केवढा गार हात!" ती आतून म्हणाली. "सोडा ना अहो."

उठायला हवं होतं. शहाणा माणूस धावत गेला असता. मी सहाव्या कागदावर पेन इतकं दाबलं की कागद फाटला. "पुरे. आत्ताच्या आत्ता निघून जा."

खाट करकरली.

मग शांतता. शेरा मानला गेला होता. मी श्वास सोडला आणि सातवा कागद उचलला.

"निघालो. तिला दिसत नाही, म्हणून जिना उतरताना हात सोडला नाही."

मी धावलो.

खाट रिकामी. उशीवर दोन पट्ट्या, एकीवर एक, नीट ठेवलेल्या. दार उघडं. निळ्या चपला तिथेच, एक अजून उलटी. जिन्यात कोणी नाही, रस्त्यात कोणी नाही. समोरच्या शिंप्यानं कोणालाही बाहेर पडताना पाहिलं नव्हतं, आणि तो सगळ्यांना पाहतो.

परत येऊन टेबलाशी बसलो. सातव्या कागदाचा समास कोरा होता. "तिला परत आणून सोडा" असं लिहावं, तर आणणारा पुन्हा दारात येणार. खूप वेळ पेन धरून बसलो. मग लिहिलं, "तिला एकटीलाच परत पाठवा."

लिहून आता पाच मिनिटं झाली. दार मी उघडंच ठेवलं आहे.

जिन्यात पावलं वाजताहेत, एकाच माणसाची. अनवाणी आहेत, बायको अनवाणीच गेली होती.

फक्त ही पावलं कुठेच चाचपडत नाहीत.