आधी आवाज, मग चित्र

ताईंना चेहऱ्यावरून आजवर कुणी ओळखलं नव्हतं. पण बसमध्ये त्यांनी नुसतं "जरा सरकता का?" म्हटलं, की पुढच्या बाकांवरची चांगली पोक्त माणसं माना वळवून गाढव शोधायला लागत. त्या माणसांच्या लहानपणी थिएटरात जे कार्टूनचे सिनेमे लागायचे, त्यातलं एक कान मुडपलेलं शिंगरू ताईंच्या आवाजात बोलायचं.

ताई त्या स्टुडिओत आल्या होत्या टेलिफोनवर बसायला. दिग्दर्शकाने एकदा बाहेरून फोन केला, पलीकडून "कोण बोलतंय?" ऐकलं आणि म्हणाला, "बाई, फोन खाली ठेवा आणि वर या." त्या वर गेल्या त्या वरच राहिल्या. लग्न झालं, मुलगी झाली, केस पांढरे झाले. शिंगरू मात्र होतं तेवढंच राहिलं. नवरा होता तोवर पाहुण्यांना हटकून सांगायचा, "आमच्या हिने जन्मभर गाढवपणा केला, आणि वर पगारही घेतला." ताई त्यावर शिंगराच्या आवाजात ओरडून दाखवत आणि आत चहा ठेवायला जात.

त्या काळी कामाची एक रीत होती आणि ती कुणी मोडत नसे. आधी आवाज, मग चित्र. ताई माइकसमोर डोळे मिटून बोलायच्या, ती टेप चित्रकारदादांकडे जायची. दादा टेबलावर छोटा आरसा ठेवून, टेप पुन्हापुन्हा ऐकत स्वतःच तोंडं वेडीवाकडी करायचे आणि शिंगराचं तोंड तसं काढायचे. 'म'ला ओठ मिटलेले, 'ओ'ला गोल. ताईंनी मध्येच श्वास घेतला तर शिंगराची छातीही फुलायची. एकदा ताईंना बोलताना हसू फुटलं, तर दादांनी तेही काढलं, आणि लोकांना नेमकं तेच आवडलं.

शेवटचा सिनेमा मात्र अर्धवट राहिला. शिंगरू हरवलेल्या आईला शोधत निघतं, अशी गोष्ट होती. अगदी अखेरचा तुकडा सोडला तर शेवटच्या भागाचे संवाद लिहून झाले होते, ताईंना ते पाठही होते, आणि रेकॉर्डिंगच्या आधीच कंपनीला कुलूप लागलं.

इतक्या वर्षांनी फोन आला तो ताईंच्या घशात गाठ निघाल्यानंतर. शुक्रवारी ऑपरेशन होतं. "आवाज राहील का?" या प्रश्नावर डॉक्टर खिडकीबाहेर बघत म्हणाले होते, "प्रयत्न करू." आणि इकडे फोनवरचा रेकॉर्डिस्ट उत्साहात सांगत होता, की जुन्या तळघरात त्या सिनेमाचे डबे सापडलेत, चित्र छान आहे, शेवटच्या भागाला आवाज तेवढा नाही. ताई येतील का?

"तुला गप्प बसायचं आहे, आई," लेक म्हणाली. काही मनाविरुद्ध बोलायचं असलं की खालचा ओठ आधी दातांत धरायचा, ही तिची लहानपणापासूनची खोड. "डॉक्टरांनी सांगितलंय ना?"

"शुक्रवारनंतर गप्पच बसायचंय. आत्ता जाऊन येते."

लेकीने हात टेकले आणि पाण्याची बाटली घेऊन सोबत आली.

खोली लहानशी होती. भिंतींना राखाडी स्पंज, समोर पडदा, डाव्या हाताला जाड काच आणि काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट. टक्कल पडलेला, गोड बोलणारा माणूस होता. लेकीला त्याने आतच, ताईंच्या शेजारी स्टूल दिलं. "शिंगरू बघतच वाढलो, ताई," तो स्पीकरवरून म्हणाला. "आता चित्र लावतो. ओठ बघून बोलायचं, बस."

पडद्यावर संध्याकाळचा चौरस्ता. दिव्याच्या खांबाखाली शिंगरू उभं होतं, खांबाला काहीतरी विचारत होतं. मुडपलेला कान, पोटावरचा पांढरा ठिपका, सगळं दादांच्याच हातचं. त्याला बघून ताईंना भरून आलं. मग हळूहळू त्यांच्या कपाळावर आठी चढली.

"हे काढलं कुणी?"

"म्हणजे? तुमच्याच चित्रकारांनी."

"अहो, पण हे मी बोललेच नव्हते. आवाज नाही तर चित्र कशावरून काढलं?"

"काढलं असेल आधी. एखाद्या वेळी होतं असं."

"आमच्याकडे नाही व्हायचं," ताई म्हणाल्या. पण वयाचा भरवसा काय? बोललोही असू आणि विसरलोही असू. गोळी घेतली की नाही हे त्या दिवसातून चारदा लेकीला विचारत. त्यांनी वाद घातला नाही. "पडदा बंद करा," एवढंच म्हणाल्या. "मी बघून बोलत नाही. नंतर लावून बघा, जमलं तर जमलं."

लाल दिवा लागला. ताईंनी डोळे मिटले, आणि वयाची सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या तोंडून ते चिमुकलं, जरा नाकातलं बोलणं बसक्या घशातून बाहेर पडलं. लेकीच्या अंगावर काटा आला. "खांबदादा, तू तर उंच आहेस. तुला दिसली का रे माझी आई..." आणि इथे ताईंना ठसका लागला. मान वळवून त्या खोकल्या. "थांबा हं. पाणी." लेकीने बाटली पुढे केली. दोन घोट पिऊन त्या म्हणाल्या, "हं, आता," आणि उरलेला संवाद पुरा केला.

"खोकला काढून टाकतो," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "आधी आहे तसं लावून बघू."

पडद्यावर शिंगराने तोंड उघडलं आणि ताईंचा आवाज त्या तोंडात बरोबर बसला. रेकॉर्डिस्टने काचेपलीकडून अंगठा दाखवला. "तुला दिसली का रे माझी आई..."

शिंगराने मान वळवली आणि ते खोकलं. मुडपलेला कान दोनदा हलला. मग चौकटीबाहेर कुणाकडे तरी बघत ते म्हणालं, "थांबा हं. पाणी." त्याने घोट गिळले, एक, दोन. गळ्याची रेघ खालीवर झाली. "हं, आता."

रेकॉर्डिस्टचा अंगठा तसाच वर राहिला होता. त्याने चित्र थांबवलं, हेडफोन काढला, पुसला, परत घातला. "ताई, मी काही कापलेलं नाही," तो म्हणाला. "जोडलेलंही नाही."

"योगायोग असेल," लेक म्हणाली. मग रेकॉर्डिस्टकडे बघत तीच पुन्हा म्हणाली, "असेल ना?"

ताईंना काही सुधरेना. त्यांनी पर्समधून फोन काढला आणि चित्रकारदादांना लावला. दादा आता मुलाकडे असत, हात थरथरायचे, पण कान शाबूत होते.

"दादा, तो चौरस्त्याचा भाग तुम्ही कशावरून काढलात?"

"तुझ्या टेपवरून. आणखी कशावरून काढणार? मी काय मनाने काढतो होय?"

"मी टेप दिलीच नव्हती."

"टेपचा डबा माझ्या टेबलावर होता, आवाज तुझा होता. घसा बसलेला होता पार. मी म्हटलं, पोरीला सर्दी झालेली दिसते. खोकलासुद्धा काढला मी." दादा खुशीत हसले. "म्हटलं, लोकांना आवडेल."

ताईंनी भिंतीच्या स्पंजला हात लावला. चित्र तेव्हाचं, आवाज आत्ताचा, आणि रीत तर मोडलेली नाही. हे कुठल्या बाजूने धरावं तेच त्यांना कळेना. पण तेवढ्यात मनात दुसरंच काही आलं, आणि भीती बाजूला राहून त्यांना एकदम आशा वाटली. एक तुकडा अजून उरला होता. शिंगराला आई सापडते तो. त्याला संवाद लिहिलेले नव्हते. तिथे काय बोलायचं हे दिग्दर्शक नेहमी ताईंवरच सोडायचा. रेकॉर्डिस्टने आधीच सांगितलं होतं, तो तुकडा ऑपरेशननंतर सावकाश करू.

"दादा, शेवटच्या तुकड्यात शिंगरू बोलतं का हो?"

"बोलतं की."

ताईंचा जीव भांड्यात पडला. बोलतं, म्हणजे शुक्रवारनंतरही आवाज आहे. त्यांनी लेकीकडे बघून मान डोलावली. लेकीला काही कळलं नाही, पण आई हसतेय म्हणून तीही हसली.

"फक्त एक विचारायचं राहिलं," दादा म्हणाले. "तिथे आवाज तुझा नव्हता. मला वाटलं, तू तुझ्या जागी कुणी नवीन मुलगी आणलीस. घरातली असावी. वळण तुझंच होतं. रडवेली होती जरा."

ताईंनी फोन पर्समध्ये ठेवला.

"तो तुकडा आत्ता लावा," त्या म्हणाल्या.

"ताई, आज पुरे. घशाला ताण..."

"मी बोलणार नाही. नुसतं बघणार."

रेकॉर्डिस्टने खांदे उडवले. सवयीने त्याचा हात बटणावर गेला आणि लाल दिवा लागला.

पडद्यावर माळ. एक झाड. झाडाखाली पाठमोरी गाढवीण. सबंध सिनेमात तिचं तोंड कुठे दिसायचंच नव्हतं, म्हणून तिच्यासाठी कुणी आवाजही ठरवला नव्हता. शिंगरू धावत आलं आणि तिच्यापाशी येऊन थांबलं.

गाढवीण हलली नाही.

शिंगराने खालचा ओठ दातांत धरला.

हे त्यांनी कधी केलं नव्हतं. दादांनी कधी काढलं नव्हतं. शिंगराला ही खोडच नव्हती.

चित्र थांबवा, असं त्यांना सांगायचं होतं. त्या नुसत्याच बघत राहिल्या. शेजारी स्टूल करकरलं. खांद्यावर हात आला.

"आई?" लेक म्हणाली.

शिंगराचे ओठ उघडले होते.

"आई, बरं वाटत नाहीये का? ऐकतेस ना?"

एकही अक्षर पुढेमागे नाही. लेकीचं लक्ष पडद्याकडे नव्हतंच, ती आईच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"आई, बोल ना काहीतरी."

ताईंनी तिचा हात घट्ट धरला. आहे गं, इथेच आहे, त्या म्हणाल्या.

पडद्यावर गाढवीण वळली. तिने तोंड उघडलं. ओठ हलले. ताईंना ते आकार पाठ होते. आहे गं. इथेच आहे.

खोली शांत होती.

"ताई," रेकॉर्डिस्ट काचेपलीकडून म्हणाला, "तुम्ही बोलताय का काही? मुलीचा आवाज येतोय. तुमचे ओठ हलतात, पण आवाजाचा काटा हलत नाहीये."

शिंगरू आईच्या तोंडाकडे बघत, मुडपलेला कानसुद्धा उभा करून वाट बघत होतं.