बैठा की फिरता?

पॅडचा चिमटा सैल झालाय हे तिला सकाळीच दिसलं होतं. पण उशीर झालेला, म्हणून तसाच उचलला... आणि घड्याळाच्या खांबापाशी वाऱ्यानं डाव साधला. नगरपालिकेचे बावीस फॉर्म रस्ताभर!

"पळू नका, कुणाच्या तरी चाकाखाली याल!" बटणांच्या हातगाडीमागून कुणीतरी ओरडलं. मग त्यानंच एकेक कागद वेचून गाडीवर मांडला आणि प्रत्येकावर एकेक बरणी ठेवली. हिरव्या बटणांची, शिंपल्यांच्या बटणांची, हुकांची...

"बोला, काय देऊ?"

"माझे कागद."

"ते आहेतच. बटण?"

"मी घ्यायला नाही, मोजायला आलेय," तिला हसू आवरेना.

रस्त्यावर विकणाऱ्यांची नोंद सुरू होती. 'बैठा' ठरेल त्याला नव्या मंडईत पक्का ओटा, 'फिरता' ठरेल त्याला नुसता फिरण्याचा परवाना. त्यानं फॉर्मवर मान वाकवली.

"फेरीवाला, पथारीवाला, टोपलीवाला... बाप रे! आणि मी?"

"हातगाडीवाला."

"तुम्ही?"

"मी... मोजणीवाली."

"म्हणजे एकाच घरातले की आपण!" तो म्हणाला आणि स्वतःच कानापर्यंत लाल झाला. "बैठा लिहा हं. अकरा वर्षं इथंच आहे. ओटा झाला की सांगता येतं, अमुक जागी बसतो म्हणून. मुलीकडचे आधी तेच विचारतात म्हणे."

"कुठल्या मुलीकडचे?"

"अजून... कुठल्याच नाही." आणि उगाच हुकांची बरणी पुसत बसला.

"अजून दोन फेऱ्या आहेत. मग ठरेल," ती म्हणाली. तिन्ही वेळा एकाच जागी सापडला तरच बैठा, हे मात्र तिनं गिळलं. साहेबांची सक्त ताकीद होती. कळलं तर सगळेच तेवढ्यापुरते ठाण मांडतील.

"पुढची फेरी कुठून?"

"सोमवारी. शाळेच्या फाटकापासून. का?"

"असंच."

सोमवारी शाळेच्या फाटकाशी बटणांची गाडी उभी!

"तुम्ही इथे?"

"पोरांची बटणं तुटतात ना. आणि... तुमच्याही बाहीचं तुटलंय. त्या दिवशीच बघितलं."

तिनं हात पुढे केला. त्यानं सुई ओवली. "हलू नका... टोचेल." त्याचा श्वास मनगटावर लागत होता. खांबापाशी परत जा, हे वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं. नियमानं अडवलं, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण खरं म्हणजे गाडी इथून हलूच नये, असं तिला वाटत होतं. दोरा तुटला. तिनं लिहिलं : स्थळ, शाळेचं फाटक.

घरी ताई बाळाला थोपटत होती, पण नजर बरोबर बाहीवर गेली. "हा टाका तुझा नाही. कोण गं?"

"कोणी नाही."

"बरं, तो कोणी नाही एका जागी तरी असतो ना? मला बाई तेवढीच काळजी. नाहीतर शोधत बसशील जन्मभर."

रात्री तिनं कूस बदलली. तिसऱ्या फेरीला खांबापाशी असला तर साहेबांना काही सांगता येईल... असू दे गं बाई, खांबापाशीच असू दे.

तिसरी फेरी बस स्थानकापासून होती; टाका घालता घालता त्यानं तेही विचारून घेतलं होतं. लांबूनच उन्हात बरण्या चमकल्या. नवा शर्ट, ताजी दाढी, चेहरा नुसता फुललेला!

"का आलात इथे?" तिचा आवाज फुटला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. तिनं सगळं सांगितलं.



"खांबापाशी थांबला असतात तर मी आलेच असते ना..."

"ते कुठं ठाऊक होतं मला? मला वाटलं, आपणच जायला हवं."

तिनं पेन उचललं. "मी खांबच लिहिते. तिन्ही वेळा."

"आणि उद्या साहेबांनी विचारलं तर?" त्यानं कागद तिच्यासमोर सरकवला, उडू नये म्हणून कोपऱ्यावर शिंपल्यांची बरणी ठेवली. "लिहा. फिरता."

त्यानंतर खांबापाशी गाडी दिसली नाही. दुपार झाली की ती कचेरीच्या खिडकीशी जाई. कांद्याची गाडी जाई, खेळण्यांची जाई... बाहीचं बटण अंगठ्यानं चाचपायची तिला सवयच लागली. सव्वा महिना असा गेला.

आणि एका दुपारी खाली बरण्यांची काच किणकिणली.

ती जिन्यावरून धावतच उतरली. "परवाना बघू!"

त्यानं निमूट काढून दिला. "एका जागी अर्धा तास. जास्त नाही."

"ठाऊक आहे. मीच टाइप केलाय." मग हळूच, "इतके दिवस... का नाही आलात?"

"कुठल्या तोंडानं यायचं? जागाच नाही सांगायला."

दोघं बरण्यांकडे बघत उभी राहिली. समोरच्या घड्याळाचा काटा मात्र भरभर चालत होता. शेवटी त्यानं गाडीच्या दांड्याला हात घातला.

"निघतो. अर्धा तास झाला."

गाडी हलली. तिनं दांड्याचं दुसरं टोक धरलं.

"अहो, हे काय?"

"नियम थांबण्याचा आहे," ती म्हणाली. "बरोबर चालण्याचा नाही... आणि ताईला मी सांगेन, तुम्ही कुठे असता ते."

"काय सांगाल?"

"मी जिथं असेन तिथं."