मेंढीसकट पाच जण

डोळे मिटा पाहू क्षणभर.

समजा, तुम्ही एका पांढऱ्या झिगुलीत मागच्या सीटवर बसला आहात. गाडी तुमच्या वडिलांपेक्षाही वयाने मोठी. समोर खड्डा येतो… धाड्! दातांवर दात आपटतात, सकाळचा चहा घशाशी येतो, आणि पुढच्या सीटवरून म्हातारा आवाज उमटतो, “अगं आई गं!”

आता उघडा डोळे. तो आवाज तुर्सुन आपांचा. त्या माझ्या शेजारीण. आमच्या आणि त्यांच्या अंगणात एक जर्दाळूचं झाड आणि अर्धं मोडकं कुंपण, एवढंच अंतर. आपांचा जन्म वरच्या कुरणावरचा, जायलोवरचा. उन्हाळा आला की त्यांना खालचं पाणीसुद्धा गोड लागत नाही. पण कंबर दुखावल्यापासून दोन उन्हाळे त्या वर गेल्या नव्हत्या. ट्रकमध्ये बसवत नव्हतं, आणि आपांच्या नवऱ्याच्या मागे राहिलेली ही झिगुली तर प्रत्येक दगड मोजून त्यांच्या मणक्यात घालायची.

“आई, कळप वर निघायच्या दिवसापर्यंत गाडी नीट झाली तर चल,” त्यांचा मुलगा कादिर म्हणाला. “नाही तर यंदाही खालीच. पाठ मोडून घेऊन तिथे काय दूध पिणार आहेस?”

आपा नुसत्या डोंगराकडे बघत राहिल्या. ते सिम्बातने पाहिलं.

सिम्बात म्हणजे आपांची थोरली नात. आमच्याकडे थोरलं नातवंड आजीआजोबांपाशीच वाढतं, तशी ती वाढलेली. चोवीस वर्षांची, शिवणाच्या कारखान्यात शाळेचे गणवेश शिवणारी, आणि गल्लीत सर्वांत जोरात हसणारी. गाडीच्या पुढच्या चाकाजवळचं चुरगळलेलं रबर तिने काढलं, रुमालात बांधलं आणि काराकोल शहरातल्या मोटार बाजारात निघाली.

बाजारात पोचते न पोचते तोच आभाळ फाटलं आणि गारा कोसळू लागल्या. सिम्बात डोक्यावर पिशवी धरून धावली, आणि दिसेल त्या पहिल्या कंटेनरच्या दुकानात शिरली. आत अंधार, रबराचा आणि तेलाचा वास, आणि टायरवर बसून चहा पिणारा एक तरुण.

“या. गारांमुळे आलात की सामानासाठी?”

“गारांमुळे.”

“मग बसा. सामानासाठी आला असतात तर उभं ठेवलं असतं.”

तिने हसू दाबलं आणि रुमाल सोडला. त्याने वाकून पाहिलं. “हे काय? सुकवलेलं जर्दाळू?”

“बुश आहे. म्हणजे… होतं. झिगुलीचं.”

“अरेरे.” त्याने ते दोन बोटांत असं उचललं, जसं पाखराचं पिल्लू उचलावं. “फार सोसलंय बिचाऱ्याने. बाकी काय काय गेलंय?”

“सगळंच. पण सगळ्याला पुरतील एवढे पैसे नाहीत. हसू नका.”

“हसत नाहीये. दात मोठे आहेत माझे, त्यामुळे तसं वाटतं.”

त्याचं नाव मेदेर. दुकान तो आणि त्याचे वडील चालवत. घरात तिसरं कुणी नव्हतं. त्याने चहाचा पेला बाजूला ठेवला आणि एकेक वस्तू तिच्यासमोर मांडत गेला. स्प्रिंगा बदलू नका, रॉकेलने धुवा, तडा नसला तर त्या अजून चालतील. बॉल जॉइंट मात्र नवेच, तिथे काटकसर केली तर चाक वाटेत निघून जाईल. शॉकअप वापरलेले चालतील. ही जोडी मागून चेपलेल्या गाडीची आहे, पुढचं सगळं तिचं धडधाकट होतं.

“पण जोडीच घ्यायची. एक ताजा आणि एक थकलेला असला की गाडी लंगडते.”

“आणि रबर?”

“रबर कधीच जुनं नाही. हे बघा, वाकवा.” त्याने एक जुनं बुश तिच्या हातात दिलं. वाकवताच त्यावर थंडीतल्या ओठांसारख्या बारीक भेगा उमटल्या. मग नवं दिलं. ते नुसतंच वाकलं आणि परत सरळ झालं.

“सगळ्यांनाच एवढं समजावून सांगता?”

“सगळ्यांनाच… पण एवढं हळूहळू नाही.”

सिम्बातने पटकन सामान पिशवीत भरायला घेतलं.

“आणि हो, आवळताना एक—” तो म्हणाला.

“आवळणं मला नका शिकवू! आजोबांच्या हाताखाली वाढलेय मी. त्यांचा पाना चावून दात आले मला.” आणि ती हसली, तिचं ते गल्लीभर ऐकू येणारं हसू.

मेदेरचं तोंड उघडंच राहिलं. गारा केव्हाच थांबल्या होत्या. पण ते दोघांच्याही लक्षात यायला बराच वेळ लागला.

मग काय, आमच्या अंगणात काम सुरू झालं. सिम्बात गाडीखाली, आणि सात वर्षांची बुरुल बाहेर. बुरुल ही कादिरची मुलगी. ती सिम्बातला एजे म्हणायची, म्हणजे मोठी बहीण. साबणाचं पाणी करून द्यायचं काम तिच्याकडे, कारण साबण लावल्याशिवाय नवं बुश भोकात शिरत नाही. पण बुरुलचं अर्धं लक्ष भलतीकडेच असे. तिच्या मावशीच्या घरी नुकत्याच नवऱ्या मुलाकडच्या बायका येऊन मावशीच्या कानांत डूल घालून गेल्या होत्या. कानांत डूल पडले की लग्न ठरलं, हे बुरुलने डोळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून ती दिसेल त्याचं लग्न ठरवत सुटली होती. बाहुलीचं झालं, मांजरीचं झालं, कोकराच्या कानातही लाल दोरा आला.

गाडी जॅकवर, चाकं लोंबकळलेली. सिम्बातने सगळं बसवलं आणि सगळे नट कचकचून आवळले. मग गाडी खाली उतरवली. आपांना गिरणीपर्यंत फिरवून आणलं आणि आपा उतरताना म्हणाल्या, “आजोबा असते तर तुला मिठीच मारली असती!”

ती खुशी आठवडाभरही टिकली नाही. गाडी करकरू लागली. मग पुन्हा धाड्, आणि पुन्हा, “अगं आई गं!”

सिम्बात तडक बाजारात गेली. फाटलेलं बुश तिने मेदेरच्या समोर आपटलं.

“सडकं रबर विकलंत मला!”

शेजारच्या दुकानांतून माना बाहेर आल्या. मेदेरने बुश उचललं, उजेडात धरलं. रबर पिळवटून, गोल गोल फाटलं होतं. त्याला एका नजरेत कळलं. पण त्याने आवाज खाली आणला, शेजाऱ्यांना ऐकू जाणार नाही इतका.

“नट आवळलेत तेव्हा गाडी कुठे होती?”

“कुठे म्हणजे? जॅकवर.”

त्याने बुशचा पीळ तिच्यासमोर धरला. हळूहळू तिचा चेहरा उतरला.

“चाक लोंबत असताना आवळलं, की रबर त्याच जागी धरून बसतं,” तो हळूच म्हणाला. “मग गाडी खाली आली की त्याला पीळ पडतो. कायमचा. आवळायचं ते गाडी चाकांवर उभी असताना. आत माणसं बसलेली असताना.”

“मग… मग सांगितलं का नाहीत?”

“सांगतच होतो. तुम्ही सांगू दिलं नाहीत.” त्याने बुश खाली ठेवलं. “आणि मग तुम्ही हसलात. त्यानंतर मला काय सांगायचं होतं ते आठवेचना.”

एरवी या वाक्यावर ती काहीतरी खट्याळ बोलली असती. पण तिचे डोळे भरून आले. “परवा कळप निघतायत. आपांना काय सांगू मी?”

“सांगा, उद्या एक जण बोर्सोक खायला येतोय. येताना नवी बुशं आणणार आहे.”

“फुकट नको मला.”

“फुकट कुठे? बोर्सोक म्हटलं ना. आमच्याकडे बाबा तळतात. बाहेरून कोळसा आणि आतून पीठ.”

तेव्हा कुठे ती हसली. डोळे पुसत, पण हसली.

दुसऱ्या दिवशी मेदेर आला. आपांनी कणकेचे फुगीर बोर्सोक परातभर तळले होते. त्याने आधी एक खाल्ला, मग डोळे मिटून दुसरा खाल्ला. आपा माझ्या कानात म्हणाल्या, “बाई, मुलगा उपाशी दिसतो. चांगलं लक्षण आहे.”

दुपारपर्यंत बुशं बसली. मग कोरड्या पाटावर दोन जाड फळ्या टाकून गाडी त्यांच्यावर उभी केली, म्हणजे चाकं फळ्यांवर आणि खाली पाटात झोपून काम करायला जागा.

“आता वजन हवं. पाच भरल्या माणसांचं,” मेदेर म्हणाला. “आपा, तुम्ही पुढे. जिथे उद्या बसणार, तिथेच.”

आपा पुढे बसल्या. स्टिअरिंगपाशी कादिर बसला. तो एकटाच दीड माणसाचा. मागे मी. मला केवळ वजनासाठी बोलावलं होतं आणि मी ते मनाला लावून घेतलं नाही. माझ्याशेजारी बुरुल. तरी एक माणूस कमी पडत होता, म्हणून कादिरने अंगणातली जाडी मेंढी उचलली आणि मागे आमच्या दोघींमध्ये कोंबली.

“बाई, हिच्या शिंगांना सांभाळा हं!”

“हिला शिंगं नाहीत रे. तूच जरा दार सांभाळून लाव!”

मेदेर आणि सिम्बात दोघेही पाटात उतरले, कारण बुशमधून जाणाऱ्या दांड्याला दोन टोकांना दोन नट असतात. एकाने एक धरायचा, तेव्हा दुसऱ्याने दुसरा आवळायचा.

त्या झिगुलीच्या तळाला मागच्या बाजूला गंजून पडलेलं एक भोक होतं. आजोबा त्यातून सूर्यफुलाच्या बियांची टरफलं टाकायचे. बुरुलने पायाने रबराची चटई हळूच सरकवली… आणि खालचे आवाज वर येऊ लागले.

“धरलंत घट्ट?”

“धरलंय. फिरवा.”

कर्र… कर्र…

“उद्या वर जाणार तुम्ही.”

“हो. शरदात उतरू.”

कर्र.

“मी विचार करत होतो… शॉकअप वापरलेले आहेत. वर येऊन एकदा बघायला हवेत.”

“शॉकअप बघायला? दोन दिवसांची वाट चढून?”

पाना थांबला. गाडीत कादिरने श्वास रोखला. मीही रोखला.

“नाही,” मेदेर म्हणाला. “शॉकअपसाठी नाही. तुम्हाला… तुला बघायला.”

खाली शांतता. वर शांतता. मग मेंढी ओरडली, “बेंऽऽ!”

“अगं, काय ते उत्तर दे त्याला!” आपा भोकाच्या दिशेने ओरडल्या. “माझी कंबर आखडली इथे!”

खाली पाना एकदा खणकला. मग सिम्बातचा आवाज आला, हळू, आणि हसणं आत कोंडलेला.

“आत्ता काही पक्कं करायचं नाही. आत्ता सगळं हवेत लोंबकळतंय. तू वर ये. आमच्यात राहा, लाकडं फोड, आपांच्या शिव्या खा, पावसात तंबू धर. सगळ्यांचं वजन पडू दे तुझ्यावर… आणि तुझं आमच्यावर. मग बघू.”

“आणि मग?”

“मग… मी धरेन एक टोक.”

कर्र करत शेवटचा नट बसला.

दोघं वर आली, तेव्हा सिम्बातच्या गालावर ग्रीसचा काळा ठसा होता. तो कसा आला, ते मी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका. कादिर उतरला, सिम्बात स्टिअरिंगपाशी बसली, आणि आम्ही सगळे मेंढीसकट गिरणीच्या रस्त्याला लागलो. तिथे एक खड्डा आहे, घमेल्याएवढा. आपांनी सवयीने दाराची मूठ धरली, डोळे घट्ट मिटून घेतले. गाडी खाली गेली, वर आली, आणि थांबली डुलायची.

आपांनी एक डोळा उघडला. “आला का खड्डा?”

“गेला, आपा.”

आपांनी मूठ सोडली. मग डोंगराकडे पाहिलं, आणि ओढणीच्या टोकाने डोळे टिपत म्हणाल्या, “दुधाचं मोठं भांडं काढून ठेव गं. उद्या लागेल.”

परत आलो, तेव्हा मेदेर रस्त्याच्या कडेला शेवटच्या बसची वाट पाहत उभा होता. हात काळे, खांद्यावर पिशवी, पिशवीत आपांनी बांधलेले बोर्सोक. सिम्बात उतरली. दोघं एकमेकांकडे बघत राहिली. लांबून बसचे दिवे दिसू लागले.

तेवढ्यात बुरुल मेंढीवरून उडी मारून गाडीतून खाली उतरली. तिने मेदेरला आपादमस्तक न्याहाळलं. त्याच्याकडे आई नव्हती, मावशी नव्हती, डूल घालायला कुणी बायकाच नव्हत्या, हे तिने सकाळीच विचारून घेतलं होतं. तिने मान तिरकी केली, आपल्या कानातला छोटासा लाल मण्यांचा डूल काढला. मग दुसराही काढला. दोन्ही त्याच्या काळ्या तळहातावर ठेवले आणि त्याची बोटं एकेक करून मिटली.

“हरवू नकोस,” ती म्हणाली. “येताना घेऊन ये. एजेचे कान मी तोवर राखून ठेवते.”

आणि ती धावत गेली गाडीच्या दाराशी उभ्या असलेल्या सिम्बातकडे, उघड्या दारातून सीटवर चढली, आणि आपल्या दोन्ही तळहातांनी तिचे दोन्ही कान घट्ट झाकून उभी राहिली.