उजव्या अंगाचा मासा

"हं, धरा जरा."

पहिल्या भेटीत कोणी असं बोलतं का? तो बोलला. मान वर न करता त्याने तिच्या हातात पाण्याची बादली दिली आणि पुन्हा प्रयोगशाळेतल्या टाकीत डोकं घातलं. ती बिचारी काखेत चित्रवही दाबून वीस मिनिटं उभी. मग कधीतरी साहेबांच्या लक्षात आलं, की नवी मदतनीस उद्या येणार आहे आणि ही पुस्तकासाठी माशांची चित्रं काढायला आलेली चित्रकार आहे.

"अरे देवा... मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बादलीत बघत होते," ती म्हणाली. "या एका माशाचा डोळा डोक्यावर चढलाय की काय?"

तो असा खुलून हसला, की तिचा हात दुखायचा थांबला.

तो चपट्या माशांचा अभ्यासक. सगळे त्याला मासेसाहेब म्हणत. दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी टाकीपाशी स्टूल टाकून बसायची आणि तो काम करता करता सांगत राहायचा.

"जन्मतात तेव्हा अगदी चारचौघांसारखे. सरळ पोहतात, दोन बाजूंना दोन डोळे. मग काही आठवड्यांनी एक डोळा निघतो... डोक्यावरून थेट पलीकडे. दोन्ही डोळे एका अंगावर आले, की मासा दुसऱ्या अंगावर आडवा. आयुष्यभर."

"दुखत नसेल?"

"विचारलं नाही कधी."

"विचारा की. इतके दिवस एकत्र राहताय."

आधी तिला ते मासे वेडेवाकडेच वाटले होते, खोटं कशाला बोला. पण बघता बघता ती त्यांच्यात गुंतली. बारीक वाळूवर ठेवलेला मासा वाळूसारखा, खड्यांवर ठेवलेला खड्यांसारखा ठिपकेदार व्हायचा, आणि खालचं अंग मात्र दुधासारखं पांढरं. अंगाची एक थरथर, की वाळू वर उडायची आणि मासा गडप. बाहेर फक्त दोन डोळे, एक इकडे बघतोय, एक तिकडे.

"फार जुने मासे सापडलेत दगडात, कोट्यवधी वर्षांपूर्वीचे," तो एकदा म्हणाला. "त्यांचा डोळा अर्ध्या वाटेवरच थांबलेला. लोक म्हणायचे, असला अर्धवट डोळा काय कामाचा? पण ते जगले की."

हे "जगले की" तो असं म्हणाला, जणू घरचंच कोणी आजारातून उठलंय. त्या दिवशी तिच्याकडून एकही रेघ धड निघाली नाही.

घरी ताई कान किटले म्हणून ओरडायची. "जेवताना मासे, झोपताना मासे. आणि हे मासे दिसायला कसे आहेत गं? उंच? चष्मा लावतात?"

"ताई, गप्प बस."

सहा आठवडे असे गेले. आणि मग तिचं सगळ्यात जमलेलं चित्र तपासणीतून परत आलं. कोपऱ्यात पेन्सिलने त्याचं अक्षर – 'डोळे उलट बाजूला. पुन्हा काढा.'

या जातीचे डोळे डाव्या अंगावर येतात आणि तिच्या चित्रात ते उजव्या अंगावर होते. पातळ कागद उलटा ठेवून चित्र उतरवलं, की भल्याभल्यांची ही चूक होते. पण तिने काही उतरवलंच नव्हतं, समोर बघून काढलं होतं. संपादकबाईंचा फोन आला तो तेवढ्यात. चित्रांवर तज्ज्ञांची, म्हणजे मासेसाहेबांची, सही नसेल तर उरलेली चित्रं दुसऱ्याकडे द्यावी लागतील, उद्यापर्यंत कळवा. तिचं हे पहिलंच पुस्तक होतं. ती तडक प्रयोगशाळेत गेली.

"मी जे पाहिलं तेच काढलं," ती म्हणाली.

"उलट अंगाचा एखादा निघतो, नाही असं नाही. पण माझ्या टाकीत? मला दिसला असता."

"सगळे तपासलेत?"

त्याचे कान लाल झाले. मग त्याने दोन जाळ्या काढल्या आणि एक तिच्या हातात दिली.

टाकीत दीडशेच्या वर मासे, सगळे वाळूत दडलेले. एकेक उचलायचा, पांढऱ्या ट्रेमध्ये बघायचा, शेजारच्या टाकीत सोडायचा. डावा. डावा. हाही डावाच. दुपार उलटली. बाह्या कोपरापर्यंत ओल्या झाल्या, हाताला हात लागत होता आणि दोघंही लागलाच नाही असं दाखवत होते. शेवटी तर जाळीत नुसती वाळूच यायला लागली.

त्याने हात पुसले, चित्र पुढ्यात घेतलं आणि पेन उघडलं.

"राहू द्या. मी सही करतो."

"मासा सापडला नाही अजून."

"तुम्ही पाहिला ना? मग होता. तुमचं काही खोटं असेल असं मला आता... म्हणजे, मला तुम्ही आवडता. खूप. झालं."

तिला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! आणि तितकाच रागही आला. तिने त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"असली सही नको मला. उद्या कोणी विचारलं तर काय सांगाल? मुलगी आवडली म्हणून मासा उजवीकडे वळवला?"

"मग काय करू?"

"जाळी घ्या."

हवेच्या नळीमागे, अगदी कोपऱ्यात, वाळूतून दोन डोळे बघत होते. त्याने अलगद जाळी घातली. ट्रेमध्ये मासा आडवा झाला – उजवा!

तो खाली वाकला तो वाकलाच. ती शेजारी उभी आहे हेही विसरला असावा. "काय देखणा आहेस रे..." तो माशाला म्हणाला, आणि तिला तो त्या क्षणी इतका आवडला, की तिला त्याच्याकडे बघवेना.

मग त्याने आपली पेन्सिलीची ओळ खोडली आणि चित्राखाली लिहिलं, 'चित्र अचूक आहे. मासा मी स्वतः पाहिला. चूक माझी.' खाली सही.

"एक सांगू?" तो चाचरत म्हणाला. "मी मघाशी जे बोललो, ते मासा सापडायच्या आधी बोललो. एवढं लक्षात असू द्या."

"आहे लक्षात."

"मग... उत्तर?"

"मीही नीट पाहिल्याशिवाय सही करत नाही."

त्याचा चेहरा पडला.

"सहा आठवडे रोज पाहतेय," ती म्हणाली. "माझी सही केव्हाच झालीय."