दोनशे बारा बीच

लाकूडव्यापारी लाझारला काय मिळणार होतं, ते आधी मांडते. आमच्या वालेआ रेचे गावच्या जंगलरस्त्याला सौंदर्याचे शंभरात चाळीसपेक्षा कमी गुण पडले, की कडेची दोनशे बारा बीचची झाडं तोडून त्याच्या वखारीत. चाळीस पडले, की रस्ता राखीव, एकही झाड नाही.

रस्त्याला दहा वळणं. प्रत्येक वळणावरच्या खुंटापाशी उभं राहायचं, फोटो घ्यायचा, झाडं मोजायची, सौंदर्याला दहापैकी गुण द्यायचे. ते काम माझं, शाळेतल्या चित्रकलेच्या बाईचं.

पहिल्याच वळणावर माझं डोकं फिरलं. प्रत्येक झाडाच्या मुळाशी साल सोलून तोडीचा शिक्का ठोकलेला: चांदणी आणि चौदा.

"निकालाआधीच?"

"वेळ वाचवला, बाई," लाझार हसला. "वळणाला तीन-तीन टाका. शाळेला नवं छप्पर घालून देतो."

"गळतंय ते छप्पर. माझे डोळे शाबूत आहेत."

चौदा नंबरचा शिक्क्याचा हातोडा आमच्याबरोबर आलेल्या वनरक्षक तोदेरकाकांचा. मी त्यांच्यावरही उखडले. "दिलातच कसा?"

"दिला नाही, बाई. त्यानं उचलला." मग हळूच, "पण ठोकलेला शिक्का मागे घेता येत नाही. कुणाच्या तरी अंगावर राहतोच तो."

मी दहा गुण दिले. दुसऱ्या वळणाला दहा. तिसऱ्यालाही.

चौथ्या वळणावर दहा लिहिले, चाळीस पुरे झाले. मान वर केली, तर मुळं स्वच्छ. साल अखंड, वर जुनं शेवाळ.

लाझारनं नखानं खरवडून पाहिलं. "काल मीच ठोकले होते!"

तिथून तो लंगडायला लागला.

पाचव्या वळणावर एकवीस झाडं. त्याला दहा देईपर्यंत लाझार खुंटावर बसला, डावा बूट काढला. घोट्यावर चांदणी. चौदा.

"म्हाताऱ्या, ही कसली थट्टा?"

तोदेरकाकांनी टोपी काढली.

"व्हा पुढे," लाझार खेकसला. "मी बसतो."

आम्ही उरलेली वळणं संपवून दुपारीच परतलो.

पाचव्या वळणावर खुंटापाशी दोन बूट. नाड्या सुटलेल्या.

मी झाडं मोजली. बावीस.

पुन्हा मोजली.

बाविसावं अगदी रस्त्याला चिकटून उभं होतं. मुळाशी शिक्का ताजा, चीक अजून ओघळत होता.

तोदेरकाकांनी माझ्या हातातून कागद घेतला. दोनशे बारा खोडलं, दोनशे तेरा लिहिलं.